आधी विचारा, पातेलं भट्टीवरून किती वाजता उतरलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर शहराच्या 'जुळे सोलापूर' या भागातले इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी विचारतात : मंगल कार्यालयांत आणि हॉटेलांत एवढं अन्न वाया जातं, तर देणारा आणि गरजू यांना जोडणारं ॲप आम्ही केलं तर सोलापुरात चालेल का? देणारा फोटो टाकेल, जवळच्या स्वयंसेवकाला सूचना जाईल, तो अन्न उचलून पोचवेल. सुरुवात कुठून करावी?

मनापासून विचारलं आहे, म्हणून हातचं काही राखून न ठेवता सांगते. उत्तर लांबेल.

माझा व्यवसाय केटरिंगचा. बावीस वर्षं लग्नकार्याचे स्वयंपाक केले आणि गेली नऊ वर्षं त्याच्या जोडीने उरलेलं अन्न हलवण्याचं काम करते. आम्ही सहा-सात जण आहोत, ठरलेले दोन रिक्षावाले आहेत, गरज पडली तर एक छोटा टेम्पो. तुमच्यासारख्याच मुलांनी मागे आम्हाला एक ॲप करून दिलं होतं. कामात कसूर नव्हती. मराठीत होतं, नकाशा होता, फोटो टाकायची सोय होती. वर्षभरात त्यावर जेमतेम तीस नोंदी आल्या. त्याच वर्षी माझ्या फोनवर आलेले कॉल चारशेच्या वर होते.

असं का झालं हे समजायला मला वेळ लागला. मुलीचं लग्न माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करतो. त्या दिवशी त्याच्यामागे मांडवातली शंभर कामं असतात, पाहुण्यांची मनं सांभाळायची असतात, चार वाजता पाठवणी असते. तो कुठे ॲप शोधणार, उतरवून घेणार, ओटीपी टाकणार? त्याला अन्न वाया गेलेलं बघवत नाही, हे खरं असतं. पण तो पाठवणीच्या गडबडीत मॅनेजरला एवढंच म्हणतो, "बघा हो काहीतरी." म्हणजे अन्नाचं पुढे काय होणार हे मॅनेजर आणि आचारी ठरवतात. ती दोन माणसं दर मुहूर्ताला तिथेच असतात. तुमचा वापरकर्ता तो आचारी आहे, ज्याचे दोन्ही हात पिठाचे आहेत आणि ज्याचा फोन कपाटावर चार्जिंगला लावलेला आहे. त्याच्यासाठी जे कराल ते चालेल.

आता नोंदीच्या फॉर्मविषयी. 'अन्नाचा प्रकार', 'प्रमाण', 'स्थिती' असे रकाने तुम्ही करणार, हे मला माहीत आहे, आमच्याही फॉर्मात तेच होते. 'स्थिती : चांगली' असं प्रत्येकाने भरलं. कोण 'वाईट' भरेल? त्यापेक्षा आपल्या आजीने जे तीन शब्द वापरले ते वापरा. उरलेलं, शिळं, उष्टं. पातेल्यातलं, वाढप्याच्या पळीशिवाय ज्याला काही लागलेलं नाही ते उरलेलं. रात्र उलटली की शिळं. ताटातून परत आलेलं उष्टं. हे शब्द आचाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत आणि त्यात कुणी खोटंही बोलत नाही, कारण दुसऱ्याला उष्टं देणं हे पाप आहे असं त्याच्या मनात पक्कं आहे. आम्ही फक्त उरलेलं घेतो. बुफेमधल्या पसरट ट्रेतलं अन्नही घेत नाही, त्यात दोनशे लोकांनी तोच चमचा घातलेला असतो आणि ते तीन तास उघडं असतं. आतल्या खोलीत झाकून ठेवलेलं, बाहेर न काढलेलं पातेलं तेवढं आपलं.

पण या तीन शब्दांतही एक गोष्ट निसटते, आणि ती आम्हाला फार महागात पडून कळली.

दुसऱ्या वर्षीचा मे महिना. होटगी रोडकडच्या एका कार्यालयातून सव्वातीनला फोन आला, दोन मोठी पातेली मसालेभात आहे, अगदी हातसुद्धा लागलेला नाही. आमचा रिक्षावाला पावणेचारला पोचला. पातेली गरम होती, फडकी धरूनच उचलावी लागली. मला वाटलं, गरम आहे म्हणजे ताजं आहे. झाकणं घट्ट बांधली, एकावर एक ठेवली, आणि हैदराबाद रोडच्या विडी घरकुलाकडे, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीकडे निघालो. तिथे सत्तर-ऐंशी माणसं ताटं घेऊन बसली होती. बायका दिवसभर विड्या वळून आलेल्या, पोरं आमच्या रिक्षाच्या मागे धावत होती. पहिलं झाकण काढलं आणि वाफेबरोबर आंबूस वास आला. वरचा थर बरा दिसत होता. झारा खाली घालून भात वर घेतला तर शिताला तार सुटत होती. दुसरं पातेलंही तसंच. मी झाकण लावलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे देता येणार नाही. एक म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, द्यायचं नव्हतं तर बोलावलं कशाला?" कोपऱ्यावरून चुरमुरे आणि केळी आणून वाटली. ती बाई ताट उलटं करून घरी गेली होती.

रात्री आचाऱ्याला फोन केला. भात सकाळी नऊलाच उतरवला होता, कारण त्या दिवशी त्याची दोन कामं होती. आम्ही 'जेवणं कधी संपली' एवढंच विचारलं होतं आणि घड्याळ तिथून मोजत होतो. अन्नाचं घड्याळ तर सकाळी नऊला सुरू झालं होतं.

यामागचं शास्त्र साधं आहे, ते तुम्हीही पाठ करा आणि तुमच्या प्रत्येक स्वयंसेवकाकडून करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे ५ ते ६० अंश सेल्सियस हा जंतू वाढायचा पट्टा आहे. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर उष्मा असेल तर अमेरिकेतली सरकारी सूचना एकच तास देते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. खोल पातेल्यातला भात मधोमध तासन्‌तास चाळीस-पन्नास अंशांवर राहतो. हाताला तो गरम लागतो, जंतूंना तो हवा तेवढाच कोमट असतो. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि पुढे जे विष तयार होतं त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. "उकळी काढली की झालं" हे म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. आणि प्रत्येक वेळी वास येईलच असंही नाही. त्या दिवशी वास आला, हे आमचं नशीब.

तेव्हापासून आमच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न एकच आहे : पातेलं भट्टीवरून किती वाजता उतरलं? दुसरा, तेव्हापासून ते उष्णता धरणाऱ्या पेटीत होतं, भट्टीच्या कडेला होतं की नुसतं फरशीवर? नावगाव, पत्ता, प्रमाण हे सगळं त्यानंतर. आणि रिक्षात बसणाऱ्याच्या खिशात एक सळईचा थर्मामीटर असतो. पाचशे-सातशे रुपयांत मिळतो. मधोमध खुपसायचा, ६० च्या वर असेल तर उष्णता धरणाऱ्या पेटीत भरून निघायचं. खाली असेल तर उतरल्याची वेळ बघायची, आणि दोन तास उलटून गेले असतील तर हात जोडून नकार द्यायचा. उन्हाळ्यात आम्ही एक तास धरतो. तुम्ही तंत्रज्ञान म्हणताय ना, तर माझ्या मते या कामातलं सगळ्यात मोलाचं यंत्र हा थर्मामीटर आहे. त्याचा आकडा आणि वेळ ही तुमच्या ॲपची खरी नोंद.

काही पदार्थ आम्ही घेतच नाही. बासुंदी, रबडी, पनीर, मठ्ठा, दह्याची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, चिरलेली फळं. मटणाचा रस्सा थंडीत, ६० च्या वर असेल तरच. याउलट पुऱ्या, चपात्या, जिलेबी, बुंदी, शेंगाचटणी, पापड यांच्याबाबतीत मनाला घोर नसतो. लिंगायतांच्या लग्नात गव्हाची खीर भरपूर उरते, ती घट्ट असते आणि उष्णता धरते, पण दूध घातलेली आहे का हे विचारल्याशिवाय तीही उचलू नका. आपल्या भागाला कडक भाकरीचं महत्त्व उगीच नाही. पाणी काढून टाकलं की अन्न टिकतं, हे इथल्या बायकांना ज्वारीच्या भाकरीच्या तव्यावरच कळलेलं आहे.

आता तुमच्या ॲपचा गाभा. उरल्यावर नोंद करायची, हीच चूक आहे. उरल्यावर घड्याळ जवळजवळ संपलेलं असतं. आधी विचारायला हवं, आणि आधी विचारता येतं, कारण लग्न अचानक होत नाही. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं. ते उघडा, मुहूर्ताच्या तारखा काढा, मोसमाच्या आधीच तक्ता तयार. कोणत्या तारखांना शहरातली सगळी कार्यालयं भरलेली असणार, हे तुम्हाला कित्येक महिने आधी कळतं. यापेक्षा चांगला अंदाज तुमचा कुठला प्रोग्रॅम देणार आहे?

आमची पद्धत सांगते. पंचवीस-तीस आचारी आणि कार्यालयांचे मॅनेजर यांची नावं एका गूगल शीटमध्ये आहेत. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी आठला प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर आवाजातला निरोप जातो. "अण्णा, नमस्कार. आज किती पानांचं काम? अक्षता किती वाजता?" लिहिलेला निरोप अर्धे जण वाचत नाहीत. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आचाऱ्यांना तोच निरोप तेलुगूत जातो, काहींना कन्नडात. सोलापुरात नुसतं मराठी ॲप करून भागत नाही, हे आधीच धरून चाला. उत्तरही आवाजातच येतं, आमच्यातली एक कॉलेजची मुलगी ते ऐकून शीटमध्ये टाकते. दुपारी दीडला दुसरा निरोप : "पहिली पंगत किती बसली?" आठशे पानं धरली आहेत आणि पहिल्या दोन पंगतींत मिळून साडेतीनशेच बसली, तर पुढचं गणित आचारी आपल्यापेक्षा चांगलं करतो. तो त्याच क्षणी एक पातेलं न उघडता बाजूला ठेवतो, भट्टीच्या निखाऱ्यावर, झाकून. तीनला उरल्याचा फोन यायच्या ऐवजी पावणेदोनला ठेवल्याचा फोन येतो. तो जो सव्वा तास वाचतो, त्यात सगळं काम होतं.

ॲप करायचंच असेल तर या दोन निरोपांचं करा. ठरल्या वेळी आपोआप निरोप जावा, उत्तर आलं नाही तर वीस मिनिटांनी फोन वाजावा, उतरल्याच्या वेळेपासून उलटं घड्याळ सुरू व्हावं आणि वेळ संपत आली की शीटमधली ती ओळ लाल व्हावी. हे करायला गूगल शीटमागे थोडा प्रोग्रॅम लिहिला की पुरतं. नकाशावरचे ठिपके, गुण, पदकं, आघाडीच्या देणाऱ्यांची यादी यातलं काही लागत नाही. दिवसाला वीस-पंचवीस उचली होऊ लागल्या तरच मार्ग शोधणाऱ्या गणिताचा विचार करा. तोवर आमचा रिक्षावाला विजापूर वेशीतली चारची गर्दी तुमच्या नकाशापेक्षा चांगली ओळखतो.

घेणाऱ्यांची यादीही आधीच तयार हवी. ठिकाण, माणसं साधारण किती, किती वाजता जेवतात, शाकाहारी-मांसाहारी, भांडी आहेत का, निरोप कुणाला द्यायचा. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात धाराशिवपासून कलबुर्गी-विजयपुरापर्यंतच्या गावांतून आलेले नातेवाईक असतात, त्यांना संध्याकाळचं जेवण खरोखर लागतं. पण प्रशासनाची परवानगी घेऊन, ठरल्या जागी, आणि फक्त नातेवाइकांना. रुग्णाच्या हातात आपलं अन्न कधीही द्यायचं नाही, त्याचं पथ्य आपल्याला ठाऊक नसतं. बांधकामावरचे मजूर, स्टेशनबाहेरची माणसं, यंत्रमागावर दुसऱ्या पाळीला असलेले एकटे कामगार, वसतिगृहं. एकाच वस्तीवर सगळा भार टाकू नका. आणि हनुमान जयंतीला किंवा गणपतीच्या महाप्रसादाच्या दिवसांत जरा थांबा, त्या दिवशी प्रत्येक चौकात भंडारा असतो, सगळ्यांची पोटं भरलेली असतात आणि आपण नेलेलंच पुन्हा उरतं. ते आम्ही दोनदा करून पाहिलं.

भांड्यांचा प्रश्न बारीक वाटतो, पण त्याच्यावरून दोन कार्यालयांनी आमच्याशी बोलणं सोडलं. त्यांची पातेली आम्ही नेली, परत द्यायला दोन दिवस लागले, आणि आली तीही न घासलेली. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात वस्तीवरच्या बाईने आपल्या साठवणीतल्या पाण्यातून परक्याचं पातेलं का घासावं? आता आमची स्वतःची डबे-पेट्यांची जोडी आहे. प्रत्येकीवर क्यूआर कोड चिकटवला आहे. उचलताना एकदा स्कॅन, परत आल्यावर एकदा. घासायचं काम आमच्याकडे, उकळत्या पाण्याने, उन्हात वाळवून. क्यूआर कोडचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते, कारण याच्यावरून चांगले गट मोडतात. स्वयंसेवक दोन महिने उत्साहाने येतो. तिसऱ्या महिन्यात परीक्षा असते, चौथ्यात नोकरी लागते. उन्हात भर दुपारी दोन वाजता फोन उचलून निघणारा माणूस पैसे घेणाराच असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. आमचे रिक्षावाले फेरीचं भाडं घेतात. ते भाडं कोण देतं? ज्याच्या घरचं कार्य आहे तो. लग्नाला लाखो रुपये खर्च करणाऱ्याला दोन-अडीचशे रुपये जड नाहीत, फक्त ते आधी सांगावं लागतं. कार्यालयाच्या बुकिंगच्या कागदावर एक ओळ घालून घ्या : उरलेलं अन्न वाटायचं आहे का, असल्यास वाहतुकीचा खर्च यजमानाचा. तीन कार्यालयांनी आमच्या सांगण्यावरून ती ओळ छापली. त्या तीन ठिकाणचं काम जवळजवळ बिनबोभाट चालतं. तुम्ही महिनाभर फक्त कार्यालयांत फिरून ही ओळ छापून घेतलीत, तरी तुमच्या प्रोजेक्टचं अर्धं काम झालं असं मी म्हणेन.

कायद्याचं भय दाखवणारे भेटतील. "उद्या कुणाला बाधलं तर?" हा प्रश्न आचारी पहिल्याच भेटीत विचारतो आणि त्याचं विचारणं बरोबर आहे. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०१९ साली उरलेल्या अन्नाचं संकलन आणि वाटप यासाठी स्वतंत्र नियमावली केली आहे. ती वाचा, संस्थेची नोंदणी करून घ्या, उरलेलं अन्न वेगळं ठेवा, कुठून घेतलं आणि कुठे दिलं याची वही ठेवा. आम्ही प्रत्येक उचलीतला वाटीभर नमुना तारीख घालून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवतो. नऊ वर्षांत तो एकदाच काढायची वेळ आली. वस्तीवरचा एक मुलगा आजारी पडला होता, त्याच्या आईने आम्हालाच फोन केला. त्याने त्या दिवशी आमचं अन्न खाल्लंच नव्हतं, हे तिथल्याच लोकांनी सांगितलं. पण नमुना होता, वेळा लिहिलेल्या होत्या, म्हणून मी त्या आईसमोर ताठ उभी राहू शकले.

एक फिरता निरोप तुमच्याही फोनवर येत असेल : अन्न उरलं तर १०९८ ला फोन करा, ते घेऊन जातील. कृपा करून तो पुढे पाठवू नका, आणि कुणी पाठवला तर समजावून सांगा. १०९८ हा अडचणीत सापडलेल्या मुलांसाठीचा क्रमांक आहे, अन्न न्यायला तिथून कुणी येत नाही. हरवलेल्या, मार खाणाऱ्या लेकराचा फोन लागायच्या वेळी आपण तिथे मसालेभाताची चौकशी करत असू, तर ते फार वाईट आहे.

आता थोडं लग्नाच्या बाहेर या, कारण तुमच्या प्रश्नात घराचा उल्लेखच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचणाऱ्या अन्नाच्या १९ टक्के, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. भारतातल्या घरांसाठी त्यांनी माणशी वर्षाला ५५ किलोचा अंदाज धरला आहे. यात साली, देठ, हाडंही आली, तरी आकडा लहान नाही. लग्नातलं पातेलं डोळ्यांना दिसतं, फ्रिजच्या तळाशी काळी पडलेली कोथिंबीर दिसत नाही.

घराघरातल्या वाटपासाठी परदेशात ॲप आहेत. इंग्लंडमधलं ओलिओ २०१५ सालचं, शेजारी शेजाऱ्याला जास्तीच्या वस्तू देतो. आपल्याकडे सोसायटीचा व्हॉट्सॲप गट आधीच आहे आणि शेजारणीची ओळखही आहे. तिथे मी एकच नियम सुचवते : कच्चं वाटा, शिजवलेलं ज्याचं त्याने संपवा. गावी निघालात, फ्रिजमध्ये अर्धा किलो गवार, चार लिंबं, दुधाची न फोडलेली पिशवी आहे, तर फोटो टाका, पहिली जी 'मी घेते' म्हणेल तिची. आमच्या सोसायटीत हे तीन वर्षं चाललं आहे. सुरुवातीला संकोच होता, कुणी म्हणालं, "लोक म्हणतील घरात खायला नाही." एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी दोन जुड्या मेथी मागून नेली आणि तो संकोच त्या दिवशी गेला.

कच्च्या मालाचं मोठं ठिकाण मात्र बाजार आहे, आणि इकडे कुणाचं लक्ष जात नाही. सोलापूरचं मार्केट यार्ड कांद्यासाठी नावाजलेलं. आवक वाढली आणि भाव पडला की मेथी, कोथिंबीर, टोमॅटो संध्याकाळी तिथेच पडून राहतात, कारण परत न्यायचं भाडंही सुटत नाही. लक्ष्मी मंडईतही रात्री आठनंतर तेच. ही भाजी सकाळपर्यंत चांगली राहते. इथे घड्याळ तासांचं नाही, निदान एका रात्रीचं आहे. थर्मामीटर नको, पेटी नको. एक टेम्पो, चार क्रेट, आणि सकाळी सातला जिथे स्वयंपाक सुरू होतो अशा दोन-तीन वसतिगृहांचे किंवा आश्रमांचे फोन नंबर. नव्याने सुरू करणाऱ्यांनी इथून सुरू करावं असं माझं ठाम मत आहे. चूक झाली तर पालक सुकेल, माणूस आजारी पडणार नाही. सहा महिने भाजी हलवा, माणसं जोडा, वेळ पाळायची सवय लावून घ्या आणि मग शिजवलेल्या अन्नाला हात घाला.

फोटोंबद्दल. देणाऱ्याला फोटो हवा असतो, आणि तुमच्या ॲपमध्ये 'वाटपाचा फोटो जोडा' असं बटण नक्की असणार. ते काढून टाका. ताट पुढे करणाऱ्या माणसाचा चेहरा हा कुणाच्या पावतीचा कागद नाही. ती म्हातारी त्या दिवशी ताट उलटं करून गेली, तिचा भरलेल्या ताटासह फोटो काढला असता तर ती पुन्हा कधी आलीच नसती. आम्ही यजमानाला पेटीचा, थर्मामीटरच्या आकड्याचा आणि पोचल्याच्या वेळेचा निरोप पाठवतो. अमुक ठिकाणी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, नव्वद पानं. आजवर एकाही यजमानाने याहून जास्त मागितलेलं नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा सुचली. नऊ वर्षांच्या वह्या आणि शीट एकत्र केल्या तेव्हा दिसलं की ज्या दिवशी मुहूर्त दाट, त्या दिवशी प्रत्येक लग्नात जास्त उरतं. कारण उघड आहे. एकाच माणसाला तीन पत्रिका असतात. तो तिन्हीकडे अक्षता टाकतो आणि जेवतो एकीकडे. तिन्ही यजमानांनी मात्र त्याचं पान धरलेलं असतं. हे मी आमच्या आचाऱ्यांना तारखांसह दाखवलं. आता दाट मुहूर्ताला माझ्या स्वतःच्या कामांत मी यजमानाने सांगितलेल्या पानांपेक्षा शंभरामागे पंधरा कमी धरते आणि भाताचं शेवटचं पातेलं आधणापर्यंत तयार ठेवते, तांदूळ वैरत नाही. गरज पडली तर वीस-पंचवीस मिनिटांत भात होतो. नाही पडली तर धुतलेला तांदूळ सोडून बाकी पोती परत दुकानात जातात. ओळखीच्या चार-पाच आचाऱ्यांनीही हे उचललं आहे, आणि त्यांच्याकडून येणारे फोन आता कमी झालेत. कॉल कमी झाले म्हणून आमच्या गटातल्या एकीला वाईट वाटलं होतं, तिला मी या मोसमाचा शीट उघडून दाखवला.

तेव्हा तुमच्या प्रोजेक्टसाठी माझं म्हणणं असं. तुळशीचं लग्न लागलं की मोसम सुरू होतो. त्याच्या आधी पंधरा आचाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा, दुपारी चारनंतर, तेव्हा ते जरा टेकलेले असतात. सकाळी जाऊ नका. सोबत थर्मामीटर न्या आणि त्यांच्याच पातेल्यात घालून त्यांना आकडा दाखवा, बोलणं तिथून आपोआप सुरू होतं. आमचा शीट, निरोपांचे तिन्ही भाषांतले आवाज आणि घेणाऱ्यांच्या यादीचा नमुना मी द्यायला तयार आहे. पहिल्या दाट मुहूर्ताला तुमच्यातल्या एकाने माझ्याबरोबर भट्टीपाशी सकाळी सहाला उभं राहायचं, आणि प्रत्येक पातेलं उतरलं की त्याच्या झाकणावर खडूने वेळ लिहायची.